विरजण न लागणारा रस

मित्रांनो, मी एक जुना रस आहे. उसाचा नाही, कोकमाचा नाही, विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा! जुना म्हणजे फक्त मागच्या महिन्यातला, पण आमच्यात म्हातारपण लवकर येतं. फ्रीजबाहेर तर फारच लवकर.

भाकरीचा घास खूप वेळ चावलात की गोड लागतो ना? ते तुमच्या लाळेतल्या विकराचं काम. माझं काम वेगळं. मी साखर मोडतो आणि त्यातून वीज निघते.

पूर्वी मी एका बुरशीच्या पेशीत राहत होतो. रसायनीजवळच्या एका प्रयोगशाळेत ती पेशी फोडली, गाळली आणि मला बाहेर काढलं. घर मागे राहिलं. आता मला भूक लागेना, झोप येईना, मी वाढेना. काम मात्र झकास करता येत होतं! तेव्हापासून माझा गोंधळ सुरू आहे. मी जिवंत आहे की मेलेला? की अजून जन्मायचाच आहे?

त्या प्रयोगशाळेत छाया नावाच्या ताई होत्या. त्यांनी मला बाटलीत भरलं, बर्फात ठेवलं आणि दहिवलीला आपल्या भाचीकडे आणलं. भाची म्हणजे नम्रता, नववीतली.

"एवढाच हाय गं," छायाआत्या म्हणाली. "संपला तर दुसरा नाय मिळायचा. सोमवारी कर्जतच्या विज्ञान प्रदर्शनात याच्यावर घड्याळ चालवून दाखव."

काळ्या कार्बनच्या कापडाचे दोन तुकडे, साखरेचं पाणी, त्यात चमचाभर मी, आणि तारांच्या टोकाला छोटंसं घड्याळ. त्याच्या काचेवर चक्क आकडे उमटले! सेल नाही, प्लग नाही. नम्रता अशी किंचाळली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

मग काय विचारता! शेजारच्या काकूंना दाखव, दूधवाल्याला दाखव, कोंडाण्याची लेणी बघायला निघालेल्या अनोळखी पाहुण्यांनाही हाक मारून दाखव. दर वेळी नवा चमचा. सगळे वा वा म्हणायचे आणि मला वाटायचं, आपण नक्कीच कुणीतरी आहोत. त्या नादात रविवार उजाडला आणि बाटलीच्या तळाशी मी उरलो थोडासाच.

"संपवलास की गं सगळा!" सुनिता म्हणाली. ती नम्रताची वर्गमैत्रीण, डोंगरातल्या वाडीवरून शाळेत येणारी. "आता उद्या काय दाखवशील, रिकामी बाटली?"

"घाबरतेस काय? विरजण लावू!" नम्रता म्हणाली. "चमचाभर दह्याचं पातेलंभर होतं. मग याचं का नाय होणार?"

तिने मला वाडगाभर साखरेच्या पाण्यात ढवळलं आणि तांदळाच्या डब्यात, आईच्या दह्याच्या भांड्याशेजारी उबेला ठेवलं. मी घाबरलो. वाढायचं कसं असतं? मला कुणी शिकवलंच नव्हतं. शेजारच्या भांड्यात केवढी गडबड! विरजणातले बारीक जीव खात होते, वाढत होते, एकाचे दोन होत होते. मी मनातल्या मनात जोर लावला. काही झालं नाही.

संध्याकाळी झाकणं निघाली. दही घट्ट. माझ्या वाडग्यात पाणी ते पाणीच, आणि उरलासुरला मी त्यात पार पातळ होऊन गेलेलो.

नम्रता मटकन खाली बसली. "शाळेतनं मला एकटीलाच निवडलंय गं. बाईंना आता काय सांगू?"

सुनिताने तारांना लटकलेलं घड्याळ उचलून बघितलं. मग म्हणाली, "ते काळं कापड धुतलंस का?"

"नाय. का गं?"

"मग थोडा त्याच्यातच मुरला असंल की!"

म्हणजे मी वाडग्यातही होतो आणि कापडातही? माझं डोकं गरगरलं. आणि मित्रांनो, मला तर डोकंच नाही!

सोमवारी प्रदर्शनातल्या टेबलावर नम्रताने कापड, घड्याळ आणि ती दोन्ही भांडीसुद्धा मांडली. परीक्षक सरांनी चष्मा वर केला. "हे काय? दही विकायला बसलीस?"

"नाय सर. हे लागलेलं विरजण आणि हे न लागलेलं. माझा सगळा रस मीच संपवला होता, म्हणून याचं विरजण लावून बघितलं." तिने दोन्ही भांडी पुढे सरकवली. "दह्यातले जीव साखर खाऊन आपलं कुटुंब वाढवतात. हा रस कुटुंब वाढवत नाय. म्हणून साखर घरखर्चात जात नाय, तिची वीजच होते."

"मग हा जिवंत की मेलेला?"

मी कान टवकारले. (कानही नाहीत. असो.)

नम्रताने वाडगा जरा हलवून बघितला. "ते मलापण कळत नाय, सर. पण तो कामाचा हाय."

तिने कापडावर ताजं साखरेचं पाणी घातलं. मी जीव तोडून कामाला लागलो. जीव असला तर! काचेवर फिकट आकडे आले. बारा.

"आत्ता तर साडेदहा वाजलेत," सर म्हणाले.

"चालू झालं की ते बारापासूनच मोजतं, सर!" मागून सुनिता ओरडली, आणि सगळे हसले. सरसुद्धा. बारा वाजून एक मिनिट झालं आणि आकडे विझले.

बक्षीस दुसऱ्याच शाळेला गेलं. नम्रता थोडी रडली. मग त्याच दह्यात साखर घालून दोघींनी ते चाटूनपुसून संपवलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला जपून ठेवा. मी उलटं सांगतो. माझ्यासारखा रस कधी हाती आला तर त्याला थंड ठेवा, उकळू नका, पण नुसता मिरवू नका आणि नुसता साठवूही नका. कामाला लावा. मी जिवंत आहे की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. पण कापडावर साखरेचं पाणी पडलं ना, की तो प्रश्न पडायला मला सवडच नसते.