काकांचा एकच शब्द

अर्धांगवायूचा झटका आला आणि जन्मभर गवंडीकाम केलेल्या काकांची वाचा गेली. उरला तो एकच शब्द, ‘सेट’. ओतलेलं सिमेंट घट्ट झालं की कामावर ते हेच म्हणायचे, आणि तेवढंच जिभेला चिकटून राहिलं.

आता टीव्ही लावायचा असला तरी सेट, चहाच्या कपबश्या हव्या असल्या तरी सेट, पाठीमागची उशी नीट बसली तरी सेट. काकू नुसत्या सुरावरून ओळखायच्या. त्यांनी केस विंचरून दिले की काका आरशात बघून ऐटीत म्हणायचे, “सेट!” रागावले की मात्र त्याच शब्दाने घर डोक्यावर घ्यायचे.

एके दुपारी काकूंनी बिनमिठाच्या सूपचा चमचा पुढे केला. “छान झालंय ना?”

काकांनी तोंड वाकडं केलं. त्यांचे ओठ थरथरले.

“न... नको.”

“काय म्हणालात?”

“नको!”

काकूंच्या डोळ्यांना धार लागली आणि त्या हसायलाही लागल्या.

“सूनबाई, ये लवकर!” त्या ओरडल्या. “तुझे सासरे माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला लागले!”