होडीतली मागची जागा

अकरा उन्हाळे सोल्वेग होडीत पुढेच बसत आली होती. मागे अर्नीमामा. मागचा माणूस होडी वळवतो, मुक्काम कुठे करायचा ते ठरवतो. पुढच्याने नुसतं वल्हवायचं आणि खडक दिसला की सांगायचं. तिने सांगितलेला एकही खडक मामाने आजवर मानला नव्हता. होडीच्या बुडावर त्याचे ओरखडे होते.

यंदा तिने विषय काढला, तेव्हा मामा म्हणाला, "अन्नाची पिशवी अस्वलापासून वाचवून दाखव, मग बस मागे."

म्हणून संध्याकाळी तिने पिशवी स्वतः एका उंच पाइनच्या फांदीवरून दोराने टांगली. जमिनीपासून बारा फूट, खोडापासून सहा. दोन्ही अंतरं वल्ह्याने मोजून. दोर अपुरा पडला तेव्हा दुसरा जोडला आणि गाठ अशी मारली, की मामालाही नाव ठेवता येईना.

सकाळी पिशवी शाबूत होती. तिने दोर सोडला. पिशवी वीतभर खाली आली आणि थांबली. जोडाची गाठ वर चढून फांदीच्या बेचक्यात रुतली होती. कसाही ओढला तरी दोर हलेना, आणि चढायला त्या पाइनला खाली एकही फांदी नव्हती.

"अस्वलाला मिळाली नाही," सोल्वेग म्हणाली.

"मलाही नाही मिळाली. कॉफी तिच्यात आहे."

"अट अस्वलाची होती, मामा."

"कॉफी नसली की मी अस्वलच असतो. तुझ्या मामीला विचार."

त्याने वल्हं उचललं आणि नेम धरून पिशवीवर फेकलं. ते पिशवीच्या वरून गेलं आणि फांद्यांत अडकलं.

"आता ते काढायला दुसरं फेकू नकोस," सोल्वेग म्हणाली.

वाक्य संपेपर्यंत दुसरंही वर गेलं होतं. पहिल्याच्या शेजारी, छान आडवं.

दोघं बराच वेळ वर बघत राहिले. डासांनी तेवढ्यात न्याहारी उरकली.

"जादाचं तिसरं वल्हं?" तिने विचारलं.

"गाडीत. उगाच वजन कशाला, म्हटलं."

गाडी तळ्यापलीकडे, आणि तिथून पुढे दीड मैल जंगलातून. समोरच्या काठावर मात्र एका कुटुंबाचा तंबू होता आणि तिथून कॉफीचा वास येत होता. सोल्वेग झाडीतल्या संडासाकडे गेली. संडास म्हणजे एक लाकडी पेटी, ना भिंती ना छप्पर. तिने खिशातल्या चाकूने झाकणाचे स्क्रू काढले आणि झाकण घेऊन सरळ होडीत मागे जाऊन बसली.

"ती माझी जागा आहे," मामा म्हणाला.

"मग वल्हव."

मामाने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग एक रबरी बूट काढला, पुढे बसला आणि बुटाने पाणी ओढू लागला. होडी आधी गोल फिरली, मग खेकड्यासारखी तिरकी चालली.

"डावीकडे घे," मामा म्हणाला.

"पुढचा फक्त खडक सांगतो."

"बरं. खडक."

तिने तत्काळ होडी वळवली.

समोरच्या काठावर तंबूवाला गृहस्थ कॉफीचा मग हातात धरून उभा होता. त्याने बूट पाहिला. झाकण पाहिलं, आणि ते कशाचं आहे ते ओळखलं.

"काय झालं हो?" त्याने विचारलं.

मामाने बूट हळूच पायात घातला.

"तिला विचारा," तो म्हणाला. "मागे ती बसलीय."