पहिल्या सुटातला बिब्बा

आता ही तृप्ती कोण, तर एमआयडीसीत मुझफ्फरभाईच्या शिलाई युनिटमधी शेवटच्या टेबलावर बसणारी. शिवलेला कपडा तिनं तपासून सही केल्याबिगर बाहेर जायचा न्हाई. आन् कपडे कसले, तर अंतराळवीरायचे! बाहेर घालायचा तो फुगीर पोशाख न्हाई बरं का, यानाच्या आत बसल्यावर घालायचे, निळे, गळ्यापासून खालपर्यंत एकच चैन. पहिल्याच दिवशी मुझफ्फरभाईनं त्या कापडाखाली लायटर धरून दाखवलं, पेटलंच न्हाई. म्हणले, बंद यानात ठिणगी म्हंजे मौत, म्हणून ह्याच्यात दुसरं कायबी जायचं न्हाई, डोक्यातलं तेलसुद्धा.

पाच दिवसामागं पहिला सूट चाचणीला गेल्ता. बाकीच्या चारांची शिलाई चालू होती. दुपारी डबे उघडले तर सगुणाबाईला भाकर मोडता येईना. अंगठा टम्म सुजलेला, वर काळा डाग. ह्या सगुणाबाई आष्टीच्या. कमरेची पट्टी हातानं शिवावी तर त्यांनीच. तृप्तीनं विचारलं तर म्हणल्या, बिब्बा उतला, त्याचं तेल लागलं.

"बिब्ब्याला कशाला हात लावला, मावशी?"

"लेकरू एवढं वर चाललंय, साऱ्या दुनियेची नजर त्याच्यावर. मंग दिला टाकून पट्टीत. सुईनं टोचून, घट्ट शिवला."

"कोणत्या सुटात?"

"पहिल्या. बाकीच्याला पुरला न्हाई ना, एकच होता."

तृप्तीचा घास तोंडातच राह्यला. बिब्बा दिव्यावर धरला की कसा तडतडत पेटतो, तुमी पाह्यलंय ना? आन् टोचलेला असला तर अंगाच्या गरमीनंच तेल सोडतो. त्या सुटाच्या चिठ्ठीवर सही हिची. पट्टी बोटानं चाचपायची असती, पण सगुणाबाईचं काम कोण चाचपतं? हिनं नुसती सही ठोकली होती. चूप बसली असती तर कोणाला कळणार होतं?

"खा की ग," सगुणाबाई म्हणल्या, "भूत पाह्यल्यावानी काय करतीस?"

ती उठली अन् सरळ केबिनमधी गेली. मुझफ्फरभाई ऐकून आधी हसले, मंग हसू गेलं. तीस बायांचं काम जाईल म्हणले. उद्या काहीतरी बहाणा करून सूट वापस मागू म्हणले.

"आन् आज कोणाच्या अंगात असंल तर, भाई?"

भाईनं चाचणीकेंद्रात फोन लावला, स्पीकरवर. तिकडचे साहेब खुशीत होते. सूट एकदम बराबर बसला, पोरगा सकाळपासून घालून बसलाय, फक्त कमरेला आग होतीय म्हणून सारखा खाजवतोय, असं सांगत होते. तृप्तीनं फोन ओढून घेतला अन् एका दमात सगळं सांगितलं, बिब्बा, त्याचं तेल, न तपासता केलेली सही. जल्दी काढायला लावा म्हणाली.

मंग साहेब हळू आवाजात म्हणले, "चाचणीच्या यानाचं दार अर्ध्या तासापूर्वीच बंद झालंय. आत वीज सुरू करतायत."

फोन टेबलावर पडल्याचा आवाज आला. साहेब पळाले, लांब एक दार आपटलं, अन् मंग नुसता तिकडच्या पंख्याचा आवाज. भाईनं फोन कापला न्हाई. तृप्ती कान देऊन उभी. किती येळ झाला तरी तिकडं कोणी फोन उचलंना.