पुढच्या भिंतीवरची ताटली

मी एक जुनी पत्र्याची ताटली आहे. काठाला गंज, मध्ये पोचा, आणि तरीही माझा मुक्काम गावाच्या सभागृहात, पुढच्या भिंतीवर आहे. मित्रांनो, ही जागा मला कुणी दान दिलेली नाही. ती कशी मिळाली, ते ऐका.

शहरातल्या कारखान्यातून निघून, रेल्वेने आणि पुढे उंटांच्या पाठीवरून, मी उत्तर ऑस्ट्रेलियात हॅलोरन कुटुंबाच्या गुरांच्या कुरणावर पोचले. कुरण कसले, अख्खा तालुका मावेल एवढी जमीन! मोठ्या घरात चिनी मातीच्या बशा होत्या. आम्हा पत्र्याच्या ताटल्यांना घरात यायची मनाई. स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीतून खारवलेले मांस आणि पावाचा तुकडा आमच्यात पडे, की आम्ही जळणाच्या लाकडांच्या ढिगापाशी जात असू. ही जमीन मुळात ज्यांची, ते काळे गुराखी तिथे मातीत बसून जेवत. बशांना गरम पाणी मिळे, आम्हांला वाळूने घासत.

त्या गुराख्यांपैकी एकाने, माझ्या धन्याने, काठाला सुरीने तीन खाचा पाडून मला आपली करून घेतले. बिथरलेला घोडासुद्धा त्याचा हात मानेवर पडला की शांत होई. मालकाच्या छोट्या डेसला त्यानेच खोगिरावर पुढ्यात बसवून घोडा शिकवला. संध्याकाळी डेस आत टेबलावर जेवे आणि धनी बाहेर धुळीत. मला तेव्हा राग येई. खरे सांगते, अजूनही येतो.

धनी वारला. गेलेल्या माणसाचे नाव त्याचे लोक पुन्हा तोंडातून काढत नाहीत आणि त्याच्या वस्तूही वापरत नाहीत. त्याची कांबळी जाळली. मी काही जळेना, म्हणून मला उकिरड्यावर टाकले. तिथे पन्नास वर्षे मी ऊन खाल्ले.

मला शोधले ते धन्याच्या नातीने, मर्लमावशीने. काटेरी तार, घोड्यांचे नाल, फुटके डबे जोडून ती चित्रे उभी करी. म्हातारीला भंगाराचे वेड लागलेय, असे लोक म्हणत. तुम्ही टाकायचे थांबवा, मी उचलायचे थांबवते, असे ती सुनावी. तिची थोरली बहीण आयव्ही हिने खाचा ओळखल्या आणि ओल्या पाल्याचा धूर देऊन मला शुद्ध केले. मग मावशीने उकिरड्यावर सापडलेल्या आम्हा अकरा ताटल्यांना कुंपणाच्या तारेत ओवले. वर एका पत्र्यावर कुरणाच्या जुन्या वहीतले एक पान तिने जसेच्या तसे उतरवले. त्यात प्रत्येक घोड्याचे नाव होते. शेवटची ओळ होती, 'काळे: अकरा'.

गावाला शंभर वर्षे झाली म्हणून सभागृहात प्रदर्शन भरायचे होते. समितीचा प्रमुख तोच डेस हॅलोरन, आता सत्तरीचा. पुढची भिंत गाव वसवणाऱ्यांसाठी आहे, तिथे नावानिशी माणसेच लागतील, असे त्याने गोड बोलून सांगितले. बिननावाच्या ताटल्यांना मागच्या ओसरीत जागा देतो म्हणाला. पुन्हा मागचे दारच!

मावशी हट्टाला पेटली. लहानपणी सरकारी माणसांनी तिला घरातून उचलून दूरच्या वसतिगृहात वाढवले होते. आपल्या लोकांची रीत तिला ऐकून ठाऊक होती, अंगवळणी पडलेली नव्हती. आयव्हीने कधीतरी कानात सांगितलेले आजोबांचे नाव तिने खिळा ठोकून माझ्यावर कोरले. आयव्हीने ते पाहिले, तोंड फिरवले आणि निघून गेली. दोन दिवस ती फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी मावशीने मला दगडावर ठेवले आणि हातोड्याने ते नाव ठेचून पुसले. मला लागले; पण तिला जास्त लागत होते, डोळ्यांतले पाणी माझ्यावरच पडत होते. मग ती आयव्हीच्या दारात गेली आणि चुकले म्हणाली. दोघी बहिणी आम्हांला घेऊन थेट सभागृहात आल्या, पुढच्या दाराने.

डेसने विचारले, "नाव आणलं?"

"नाव तुम्ही सांगा," मावशी मला पुढे धरून म्हणाली. "ज्यानं तुम्हांला पुढ्यात बसवून घोडा शिकवला, त्याची ही ताटली आहे."

डेसने मला हातात घेतले. "जॅकी," तो म्हणाला.

"जॅकी तर तुम्ही सगळ्यांनाच म्हणायचात," मावशी म्हणाली.

तो आठवत राहिला. आठवणार काय? कधी ठाऊक असेल तर ना! तेव्हा आयव्ही बोलली. लहानपणी ती त्याच्याबरोबर नदीवर खेळलेली होती.

"डेस, आम्ही त्याचं नाव घेत नाही, कारण ते आम्हांला पाठ आहे. तू घेत नाहीस, कारण तू कधी विचारलंच नाहीस."

डेसने पुढच्या भिंतीवरची वडिलांची तसबीर बाजूला सरकवली. माफी काही त्याने मागितली नाही. मावशी वर चढली तेव्हा शिडी मात्र धरली.

आता शाळेची मुले येतात, घोड्यांची नावे मोठ्याने वाचतात आणि शेवटच्या ओळीला गप्प होतात. मित्रांनो, माझा गंज पुसला नाहीत तरी चालेल. पण तुमच्यासाठी जो राबतो, त्याच्याशेजारी बसून जेवा आणि त्याला त्याचे नाव विचारा. तो जिवंत आहे तोवर विचारा.