दूधभावाचं मुंडण

सम्राटाने डोकं भादरून घेतलं तेव्हा सगळी राजधानी रडली. रडली नाही ती एकटी इयो. तिने त्याला अंगावर पाजलं होतं, त्याचे हट्ट तिला नवे नव्हते. प्रधानाशी बिनसलं, मनातल्या पोराला गादी मिळाली नाही, आणि स्वारी रुसून डोंगरावरच्या मठात जाऊन बसली. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, दुसरं काय!

रुसला तर रुसला, पण आता ते तिच्या पोरावर आलं होतं. नोरिसुए सम्राटाचा दूधभाऊ. दोघे इयोच्याच दुधावर वाढलेले. मालकाने संसार सोडला की दूधभावानेही सोडायचा, ही रीत. हुकूम कोणी देत नाही. नुसतं येता-जाता लोक विचारतात, "काय हो, अजून केस आहेत का डोक्यावर?" नोरिसुएची बायको नुकतीच बाळंत झाली होती. तरी काल तो मान खाली घालून म्हणाला, "आई, उद्या जातो."

म्हणून त्याच्या आधी इयो बैलगाडी जुंपून मठात येऊन धडकली.

सम्राट काळी कफनी घालून माळ ओढत होता. समोर दोन सरदार बसले होते. "हारिमा प्रांताची सुभेदारी त्या गाढवाला मिळता कामा नये," तो त्यांना बजावत होता. इयोला पाहून त्याचा चेहरा खुलला.

"दाई! बरं झालं आलीस. इथले भिक्षू पेज करपवतात गं."

"पेज गेली खड्ड्यात. महाराज, माझ्या पोराला एवढंच सांगा, येऊ नकोस."

"मी कुठे बोलावलंय त्याला?"

"मग नको म्हणा."

"मी संन्यासी माणूस, दाई. आता कोणाचा मालक नाही. हुकूम कसा देऊ?"

इयोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग आत्ता सुभेदारी कोण वाटत होतं? तुझं भूत?"

सरदारांनी माना खाली घातल्या. सम्राटाला अरे-तुरे करणारी जगात ती एकच होती.

"तो आला नाही तर लोक काय म्हणतील?" सम्राट पुटपुटला. "आणि मी इथे एकटाच..." त्याचा खालचा ओठ पुढे आला. लहानपणी दुसऱ्याच्या हातातला भोवरा हवा असला की अस्साच यायचा. इयोला सगळं कळलं. याला बुद्ध नको होता. एकट्याने रुसायला मजा येत नाही, म्हणून याला सोबत हवी होती. त्यासाठी एका तान्ह्या पोरीचा बाप गेला तरी चालेल!

तिने मठाच्या म्हाताऱ्या गुरुजींकडे मोर्चा वळवला. "गुरुजी, रीत दुधाची ना? दूध कोणाचं होतं?"

"तुमचंच की, बाई."

"मग कात्री आणा."

गुरुजी घुटमळले. तिचा अवतार बघून त्यांनी कात्री मागवली. बायकांना मुंडण नसे, केस खांद्यापर्यंत कापले की दीक्षा झाली. पायाशी लोळणारे तिचे केस खांद्यापाशी कापले गेले, आणि ती भिक्षुणी झाली. "दुधाच्या घरातलं माणूस आलं, रीत पुरी झाली," गुरुजींनी सर्वांदेखत सांगितलं.

सम्राट लगेच सावरला. "छान झालं! तूच राहा इथे. निदान पेज तरी धड मिळेल."

"संन्याशाला मालक नसतो, आत्ताच म्हणालास ना? मी खालच्या भिक्षुणींच्या मठात चालले. आपली पेज आपण ढवळ."

ती तरातरा बाहेर पडली. दारासमोरच्या पायऱ्या नोरिसुए चढून येत होता. तिचे केस पाहून तो जागीच थिजला.

"आई! हे काय केलंस?"

मागे सरदार, भिक्षू आणि खुद्द सम्राट उंबऱ्यावर येऊन बघत होते. ओ दिली असती तर हिने संसार सोडलाच नाही म्हणायला ते मोकळे, आणि पुन्हा नोरिसुएचीच पाळी.

"इथे कोणाची आई नाही, बाबा," ती वाटसरूशी बोलावं तशी बोलली. "घरी जा. लेकरू वाट बघत असेल."

त्याने पुन्हा हाक मारली. इयो दात-ओठ खात पायऱ्या उतरत राहिली. वळून पाहिलं असतं तर तिने त्याला पोटाशी धरलं असतं, आणि वर उभा असलेला तो टकल्या जिंकला असता.