जुन्या मशीनचं शेवटचं काम

“अगं, फाइल इथेच तर होती!” लवू सावंतने माऊस टेबलावर आपटला. “ह्या ‘स्मरणिका’ फोल्डरमध्ये. बाकी सगळ्यांची आहे आणि नेमकी काशीकाकीचीच नाही.”

“मामा, माऊसला कशाला मारतोस?” अनुजा म्हणाली. ती लवूच्या बहिणीची मुलगी, लोअर परळच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करणारी. फोनवर मामाचा आवाज रडवेला वाटला, म्हणून ऑफिसमधून तडक नायगावला आली होती.

लवूचं दुकान म्हणजे बीडीडी चाळीच्या तळमजल्यावरची अर्धी खोली. लग्नपत्रिका, मंडळाची पत्रकं, श्रद्धांजलीचे बोर्ड, सगळं तो तिथे टाइप करून द्यायचा. आता चाळ पडणार होती. निम्मी बिऱ्हाडं गेलीही होती आणि उरलेल्यांनी ठरवलं होतं की जाण्याआधी सगळ्यांच्या आठवणींची एक स्मरणिका काढायची. काम अर्थात लवूकडे आलं, आणि ऐन वेळी त्याचा म्हातारा कॉम्प्युटर करकरायला लागला. नवा घेतला, तर त्याच्यावर लवूचं जुनं मराठी टायपिंग चालेना.

शनिवारी अनुजाने त्यावर तोड काढली होती. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत काढली आणि त्या प्रतीतून नव्या कॉम्प्युटरच्या आत जुना कॉम्प्युटर उभा केला. पडद्यावर एक चौकट उघडली. आत तेच निळं चित्र, तेच फोल्डर. लवूने आधी पडद्याच्या मागे वाकून बघितलं.

“म्हणजे हा तोच?”

“तोच. फक्त डबा नाही. ह्याला वाटतंय आपण अजून जुन्याच डब्यात आहोत.”

“आणि डब्यात जो आहे त्याला काय वाटतंय?”

“त्याला काही वाटायची गरज नाही आता. तू त्याला हात लावू नकोस म्हणजे झालं.”

यातलं लवूला कळलं ते एवढंच, की तोच. घरचा गणपती आणि मंडळाचा गणपती काय वेगवेगळे असतात?

“तू काशीआजीचं कुठल्या मशीनवर टाइप केलंस?” अनुजाने आता विचारलं.

“जुन्या. रविवारी.”

“मामा! मी सांगितलं होतं ना!”

“अगं, त्याची शेवटची पाळी होती!”

लवूचे वडील गिरणीत होते. रिटायर होणाऱ्याला शेवटच्या दिवशी त्याच्याच मागावर उभं करायचे, हे त्यांच्या तोंडून ऐकत तो मोठा झाला होता. इतकी वर्षं राबलेल्या मशीनला काम न देता घालवायचं त्याच्या जिवावर आलं. म्हणून त्याने चाळीतल्या काशीबाईला बोलावून तिची आठवण मुद्दाम जुन्यावर टाइप केली. मग मशीनला हार घातला आणि सोमवारी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवताना नमस्कारही केला. काम नव्यात आपोआप दिसणार, याबद्दल त्याला काडीचीही शंका नव्हती.

“प्रत शनिवारची आहे रे,” अनुजा म्हणाली. “त्यानंतर त्या डब्यात जे झालं, ते ह्याला माहीतच नाही.”

“म्हणजे ह्याचा रविवार वेगळा?”

“ह्याचा रविवार झालाच नाही.”

लवूने डोकं खाजवलं. त्याने तर तो रविवार स्वतः बघितला होता.

अनुजा धावत भंगारवाल्याकडे जाऊन आली. त्याने डिस्क फोडून आतलं लोहचुंबक काढूनही घेतलं होतं. ती हात हलवत परतली आणि म्हणाली, “बरं, तुला आठवतंय तेवढं सांग. मी टाइप करते.”

लवू आठवायला लागला. काशीबाई खूप वेळ बोलली होती, मधे पदराने डोळे पुसत होती. मुलाबद्दल काहीतरी होतं. पण टाइप करताना त्याच्या कानातलं सरळ बोटांत उतरायचं, मधे कुठे थांबायचं नाही. आयुष्यभर पत्रिका केल्या, पण त्यातल्या एका नवऱ्यामुलाचं नाव त्याला सांगता आलं नसतं. आणि त्या दिवशी तर त्याचं सगळं लक्ष मशीनच्या करकरीकडे होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तेवढ्यात काशीबाईच दारात उभी राहिली. “लवू, माझा लिवलला दाखव मरे. उद्या मी चेडवाकडे जातंय.”

ती कुडाळला मुलीकडे जाणार होती, कायमची. तिला वाचता येत नव्हतं. पडद्यावर कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका उघडी होती. तिने त्यावर बोट ठेवलं. “ह्या माझा?”

हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. अनुजा मुद्दामच दुसरीकडे बघत राहिली.

“नाय गो काकी,” लवू म्हणाला. “ह्या दुसऱ्याचा. तुझा माझ्याकडसून गेला. परत सांगशील?”

काशीबाई खुर्चीवर टेकली. रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती नुसती दमल्यासारखी दिसली.

“आता तितक्या नाय येवचा रे. एकदा रडान झाला.” मग म्हणाली, “लिव. माझो झील मनू. तीन वर्सांचो. आमच्याच खोलयेत खोकल्यान गेलो. बापूस गिरणीत पाळयेर होतो.”

“आणि?”

“इतक्याच.”

लवूने टाइप केलं. मग कीबोर्डवरून हात काढले आणि सगळं सावकाश वाचलं. रविवारी एवढा वेळ ती काय बोलली, ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

“ह्यातलो मनू खंय आसा?” तिने विचारलं. त्याने दाखवलं.

“मोठो कर.”

त्याने नाव मोठं केलं.

“आजून.”

तो मोठं करत गेला. शेवटी पडद्यावर दुसरं काही मावेना, फक्त ती दोन अक्षरं. काशीबाईने खुर्ची पुढे ओढली आणि त्यांच्याकडे बघत बसली.