रमाबाईच्या दाराकडचा उतार

मी पडेन ही भीती माझी नव्हती, माझ्या लेकीची होती. जुई पुण्यात राहते आणि तिथून माझी काळजी करते. बादली, फडकं आणि ओल्या फरशीवर वाकलेली सत्तरी ओलांडलेली आई, हे काही तिच्या डोळ्यांसमोरून हलेना, म्हणून तिने तो मॉप पाठवला. उभ्याउभ्या पुसायचं. दांड्याला एक बाटली अडकवलेली, खटका दाबला की फवारा उडतो. बाटली दांड्यावरून सोडवून नुसती हातातही धरता येते, मग ओटा, आरसा, हवं त्यावर मारा. "आई, फरशी ओली राहतच नाही," ती फोनवर म्हणाली. "घसरायचा प्रश्नच मिटला."

तोच मॉप हातात असताना मी घसरले. आता यावर काय बोलणार!

फणसवाडीतली आमची बिल्डिंग नव्याने बांधायची आहे. बहुतेक बिऱ्हाडं भाड्याच्या जागा बघून कधीच निघून गेली. तिसऱ्या मजल्यावर उरलो दोघी. टोकाच्या खोलीत मी, सुमती, आणि शेजारच्या खोलीत रमाबाई. तिचा मुलगा मयूर लालबागकडे जागा शोधत होता, आणि मी पुण्याला जायचं नाही म्हणून हटून बसले होते. बाजूची बिल्डिंग पाडायला घेतलेली, त्यामुळे सकाळपासून ब्रेकरचा धडधडाट आणि घरभर पांढरी धूळ. ओसाड खोल्यांमधून भलतेच लोक फिरतात. दारं काढतात, खिडक्या उचकटतात. म्हणून मी दाराला खालची कडी, वरची कडी आणि मधे लाकडी अडसरही घालायची. घालताना फार सुरक्षित वाटायचं.

त्या दिवशी सकाळी फरशी पुसून झाली. दारावर धुळीचा थर दिसला, म्हणून बाटली दांड्यावरून काढली आणि दारावर फवारा मारला. फिनेल मी जरा सढळ हाताने घातलेलं असतं. ओघळ खाली आले, मी एक पाऊल मागे सरकले आणि पाय गेला. आधी कंबर आपटली. आतून काहीतरी मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, ब्रेकरच्या आवाजातही.

उठायला गेले तर डावा पाय माझा नव्हताच. हलवायचं मनात आणलं तरी कळ थेट डोक्यात जायची आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी दाराला लागून पडले होते. कड्या वर, माझ्या हाताच्या कितीतरी वर. मोबाइल फ्रिजच्या डोक्यावर चार्जिंगला. मॉपचा दांडा ओढून घेतला आणि वर करून अडसर ढकलायला बघितला. तो हलका पोकळ दांडा नुसता वाकला. दारावर आपटला तर त्याचा आवाज मलाच धड ऐकू येईना, बाहेर कुणाला जाणार?

मग मी ओरडले. "रमाबाई! अगं रमाबाई!"

रमाबाईला एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कानासाठी ती टीव्ही मोठा लावते. मला हे माहीत होतं, तरी घसा बसेपर्यंत ओरडले. शेवटी नुसती हवा बाहेर यायला लागली. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

खालच्या मजल्यावरचे कमलाकांत आठवले. एकटेच राहायचे. गेले, आणि कुणाला पत्ता नाही. वास यायला लागला तेव्हा दार फोडलं. मीसुद्धा नाकाला पदर लावून जिन्यात उभी होते आणि मनात म्हणत होते, काय हे मरण! आता तेच मरण माझ्याकडे तोंड करून बसलं होतं. आणि माझ्या खोलीला तर कायम फिनेलचा वास. कमलाकांतांचा निदान वास तरी आला. माझा वासही कुणाला येणार नाही, असं वाटलं आणि मी लहान मुलीसारखी रडले.

जुईचा फोन रात्री येतो. उचलला नाही तर म्हणेल, झोपली असेल. सकाळी नाही उचलला तर म्हणेल, देवळात गेली असेल. तिला काय दोष द्यायचा, मीच तिला सांगून ठेवलंय, सारखी सारखी चौकशी करू नकोस म्हणून.

तहान लागली होती. बाटली घरंगळून खुर्चीखाली गेलेली, ती मी दांड्याने ओढून जवळ घेतली. अर्ध्याहून जास्त भरलेली. हलवली की आत पाणी डुचमळायचं. मी ती तोंडाजवळ नेली, हे लपवत नाही. वासाने भानावर आले. बाटली छातीशी धरून पडून राहिले, दाराच्या खालच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे बघत.

आणि मला उतार आठवला.

आमच्या गॅलरीला उतार आहे. माझ्या दाराकडून रमाबाईच्या दाराकडे. बांधणाऱ्याने ही जी करणी करून ठेवली, तिच्यापायी आम्ही दोघी आयुष्यभर भांडलो. मी दारासमोर धुतलं की पाणी तिच्या दाराकडे. की लगेच ती पदर खोचून हजर. "तुमचा पाणी तुमच्या घरात ठेवा!" मी म्हणायची, "पाण्याला मी शिकवलं का तुझ्याकडे जायला?" तिथून मग तिच्या सुक्या मासळीचा वास, माझ्या रेडिओचा आवाज, सगळं निघायचं. एकदा तर मी तिला म्हटलं, माझ्या दाराशी पुन्हा आलीस तर बघ. ती दुसऱ्याच दिवशी आली, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी गेलं.

पण मॉप आला आणि पाणी थांबलं. फवारा मारायचा, पुसायचं, सुकलं. बाहेर थेंब नाही. रमाबाईला माझ्या दाराशी यायला कारणच उरलं नाही. भांडण मिटलं म्हणून मी खूश होते. तिचं तोंड शेवटचं कधी बघितलं ते फरशीवर पडल्या पडल्या आठवेना.

कारण द्यायला हवं होतं. पाणी तिच्या दारात जायला हवं होतं.

आमचा उंबरा चांगला उंच. पाणी नुसतं ओतलं असतं तर आतच साचलं असतं. पण उंबरा आणि दार यांच्यामध्ये बोटभर फट होती, आणि बाटलीचं तोंड फिरवलं की फवाऱ्याची बारीक धार होते. मी कोपरावर रेटून सरकले. त्या एवढ्याशा सरकण्यात कितीदा थांबले आणि देवाचं नाव घेतलं. बाटलीचं तोंड फटीला लावलं आणि खटका दाबला. धार बाहेर गेली.

दाबलं, पुन्हा दाबलं. बोटं दुखायला लागली. मग कान लावून पडून राहिले. ब्रेकर थांबला होता, मजुरांची जेवणाची सुट्टी असावी. टीव्हीवर कुणीतरी मोठमोठ्याने रडत होतं. बऱ्याच वेळाने रमाबाईचं दार वाजलं. चपलांची फटफट.

"ह्या आता खयसून इला?" ती स्वतःशीच पुटपुटली.

मी ओरडले. घशातून खर्र असा आवाज निघाला फक्त. दांडा आपटायला हात उचलला तर कळ अशी गेली की दांडा हातातून सुटून पायाकडे घरंगळला. बाहेर फडकं फिरल्याचा आवाज आला. ती पुसत होती. माझं पाणी ती मुकाट्याने पुसत होती! जन्मात कधी जी गप्प बसली नाही, ती नेमकी आज शहाणी झाली होती. "भांड ना गं," मी मनात म्हणत होते, "ये ना, बोल ना काहीतरी." चपला लांब गेल्या. दार लागलं. खाली ब्रेकर पुन्हा सुरू झाला.

त्यानंतरच्या भीतीचं वर्णन मला करता येत नाही. आधी वाटत होतं, कुणाला कळलं की मी वाचेन. आता कळून चुकलं की कुणाला तरी कळूनसुद्धा मी इथेच राहू शकते.

बाटलीत तळाशी थोडंसं उरलं होतं. ते जपून ठेवावं की मारावं? मारलं आणि तिने पुन्हा पुसून टाकलं तर? मग माझ्याकडे काहीच नाही. त्या तळाच्या पाण्याकडे मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. फटीतला उजेड पिवळा व्हायला लागला. पाय सुजून टम्म झाला होता. अधूनमधून माझा डोळा लागायचा आणि दचकून उघडायचा, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की पुढच्या वेळी उघडणार नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम टाळत होते. रमाबाई रोज सकाळी उंबऱ्यालगत रांगोळी काढते. चार बोटांची, साधी. नवरा होता तेव्हाही काढायची, तो गेल्यावरही सुतक संपल्या दिवसापासून काढायला लागली. मी कितीही भांडले, कितीही पाणी सोडलं, तरी खराट्याने ते रांगोळीच्या अलीकडेच वळवायची. कुणाच्या दारची रांगोळी मोडायची नाही, हे आमच्या घरात लहानपणापासून शिकवलेलं. मघाशीही मी धार समोर कठड्याकडे धरली होती, जीव जायची वेळ आली तरी. सवय म्हणा, मूर्खपणा म्हणा.

मी बाटलीचं तोंड तिच्या दाराकडे तिरकं केलं. रांगोळी जिथे असणार तिथे नेम धरला आणि होतं नव्हतं तेवढं सगळं पाणी मारलं. खटका शेवटी कोरडा वाजायला लागला, तरी दाबत राहिले.

संध्याकाळी दिवा लावायला ती बाहेर आली. चपला वाजल्या आणि थांबल्या. मी वाट बघत होते ती शिवीची. येऊ दे, कसलीही येऊ दे.

काहीच आलं नाही. ब्रेकर बंद झाला होता. एवढी शांतता होती की तिचा श्वास मला ऐकू येत होता, की माझाच होता कोण जाणे. मग चपला माझ्या दाराकडे आल्या. फटीतला उजेड तिच्या सावलीने झाकला.

"सुमती?"

इतक्या वर्षांत तिने मला नुसत्या नावाने कधी हाक मारली नव्हती.

"सुमती, तू माझी रांगोळी कधी मोडूक नाय. काय झाला गो?"

मला बोलता येईना. रिकामी बाटली मी दारावर आपटली. एकदा, दोनदा. तिला ऐकू आलं नसणार. पण तिने हात दारावर ठेवला असावा, कारण ती एकदम किंचाळली, "आतच हा! बाय माझी आतच हा!" आणि कठड्याकडे धावली. खाली मजूर हातपाय धूत असतील. "ए भाय! वर आव! जल्दी! पहार लेके आव!" तिचा तो आवाज, ज्याला मी आयुष्यभर नावं ठेवली, तिन्ही मजल्यांवर घुमला.

अडसर तुटायला वेळ लागला. दार उघडलं तशी ती आत आली आणि त्या चिकट फरशीवर बसली. माझं डोकं मांडीवर घेतलं.

"रांगोळी भिजवलंस माझी," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"बरा केलंस," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

खुब्याचं ऑपरेशन झालं. जुई येऊन राहिली. रमाबाई रोज डबा घेऊन हॉस्पिटलात यायची आणि डॉक्टरांशी भांडायची. गेल्याच आठवड्यात मयूरला जागा मिळाली, तिचं सामान बांधून झालंय. मी जुईबरोबर जाणार. तीन-चार वर्षांनी नव्या टॉवरमध्ये परत भेटू, असं आम्ही दोघी एकमेकींना सांगतो.

परवा बिल्डरचा माणूस नकाशा घेऊन आला होता, हर्षवर्धन नावाचा. मुलगा गोड आहे, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला आणि एकेक समजावून सांगू लागला. गॅलरी नाही. प्रत्येकाचं दार वेगळं, जाडजूड, खाली रबर लावलेलं. आवाज बाहेर जात नाही, वास जात नाही, पाणी तर थेंबभरसुद्धा नाही.

"मग शेजारणीला कळणार कसं?" मी विचारलं.

त्याला वाटलं, म्हातारी जुन्या भांडणांना घाबरतेय. त्याने माझ्या हातावर हात ठेवला.

"काही काळजी करू नका, आजी," तो म्हणाला. "शेजारणीला काहीच कळणार नाही."